गवंडी, माळी आणि टॅक्सीवाला

'मुरारेन' या स्वीडिश शब्दाचा अर्थ गवंडी. स्टेफान यार्ल या दिग्दर्शकाने २००२ साली या नावाचा माहितीपट काढला. तो विटा रचणाऱ्या कोणा कामगारावर नाही, तर टॉमी बर्ग्रेन या नटावर आहे. स्वीडनची रंगभूमी आणि पडदा दोन्ही गाजवलेला हा माणूस. बू विडरबर्गच्या 'एल्विरा मॅडिगन' (१९६७) मधला प्रेमात पळून गेलेला लष्करी अधिकारी आणि त्याच दिग्दर्शकाच्या 'जो हिल' (१९७१) मधला, अमेरिकेत जाऊन कामगारांची गाणी रचणारा आणि शेवटी गोळ्या घालून मारला गेलेला स्वीडिश पोरगा, अशा दोन भूमिका सांगितल्या तरी जुन्या फिल्म सोसायटीवाल्यांना चेहरा आठवेल. नटावरच्या चित्रपटाचं नाव 'गवंडी' का, हा प्रश्न मला चित्रपटापेक्षा जास्त दिवस पुरला.

मी तो लोणावळ्यात पाहिला. जुलैचा पाऊस, गेलेली वीज आणि लॅपटॉपची संपत आलेली बॅटरी, असा सगळा थाट होता. अर्धा त्या रात्री आणि उरलेला दुसऱ्या दिवशी दुपारी, खिडकीबाहेर भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांच्या भोंग्यांसोबत. बर्ग्रेन बोलतो, आपण ऐकतो. पाहता पाहता माझ्या डोक्यात दुसराच नट येऊन बसला. त्याने आयुष्याची सुरुवात खरोखरच हाताच्या कामाने केली होती, आणि तो आपल्या पुण्याचा होता.

निळू फुले. निळकंठ कृष्णाजी फुले. वयाच्या सतराव्या वर्षी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात ते माळी म्हणून कामाला लागले. पगार महिना ८० रुपये, त्यातले १० राष्ट्र सेवा दलाला. स्वतःची रोपवाटिका काढायचं मनात होतं, भांडवल नव्हतं म्हणून राहून गेलं. पुढे सेवा दलाच्या कलापथकाने त्यांना उभं केलं, शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नाव दिलं आणि अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) मधल्या झेले अण्णांनी पडदा दिला. त्यानंतरची चाळीस वर्षं महाराष्ट्राला पाठ आहेत.

पाठ आहेत म्हणजे काय, हे मात्र एकदा तपासायला हवं. निळूभाऊंची ओळख आज कुठे शिल्लक आहे? नकलांमध्ये. गणपतीच्या मांडवात, गॅदरिंगमध्ये, मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींमध्ये कोणीतरी खर्जात आवाज काढतो, मान तिरकी करतो आणि बाईला वाड्यावर बोलावतो. लोक हसतात. मराठी माणूस आपल्या नटाचं व्यक्तिचित्र अशा नकलांमधून काढतो, आणि हे व्यक्तिचित्र फार टिकाऊ असतं. पण त्यात सेवा दलातला माळी नसतो. १९७२ च्या 'सखाराम बाइंडर'मधला सखारामही नसतो. हा सखाराम छापखान्यात पुस्तकं बांधणारा कामगार, टाकलेल्या बायका घरात आणून ठेवणारा, आपण ढोंगी नाही याचा ढोल बडवणारा. तेंडुलकरांच्या या नाटकाला सेन्सॉरने अडवलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग न्यायालयात गेले, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. माझं लक्ष मात्र हातांकडे जातं. रोपं लावणाऱ्या माणसाने पुस्तकं बांधणाऱ्या माणसाची भूमिका केली. पुस्तकाची शिलाई आणि रोपाला दिलेला आधार यांत बोटांची चाल फार वेगळी नसते. दोन्हीकडे दोरा असतो.

माझ्या मनात या नटावरचा एक चित्रपट कधीचा तयार आहे. पहिल्या दृश्यात चेहरा नाही. पुण्यातल्या लष्करी आवारातली एक वाफ्याची कड, खुरपं, ओली माती आणि दोन हात. आवाज येतो तो सुद्धा संवादाचा नाही, झारीतून पडणाऱ्या पाण्याचा. मग तेच हात 'सामना'मध्ये हिंदुराव धोंडे पाटलाच्या साखर कारखान्यात सत्ता कुरवाळताना दिसतात. 'सामना' १९७५ साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता, आणि त्यातल्या मास्तरच्या, म्हणजे डॉ. श्रीराम लागूंच्या एका साध्या चौकशीने त्या हिंदुरावाचा पाया हलतो. मग 'सिंहासन' (१९७९) मधला पत्रकार दिगू टिपणीस. सगळ्या राजकारणाचा साक्षीदार, ज्याच्याकडे शेवटी करायला हसण्यापलीकडे काही उरत नाही. एका माणसाच्या हातात खुरपं, कारखाना आणि लेखणी. याहून सोपी पटकथा कोणी द्यायची?

लागूंबद्दल वेगळं लिहायला हवं, पण त्यांचं स्वतःचं आत्मचरित्र 'लमाण' आहे. ते कान-नाक-घशाचे शल्यविशारद, आफ्रिकेत टांझानियात नोकरी केलेले, १९६९ मध्ये 'इथे ओशाळला मृत्यू'पासून पूर्णवेळ नट झालेले आणि लगेच १९७० च्या डिसेंबरात 'नटसम्राट' अंगावर घेतलेले. माणूस स्वतः एवढं नेमकं लिहून ठेवतो तेव्हा माहितीपटवाल्याचं अर्धं काम होतं. निळूभाऊ मात्र लिहीत बसणारे नव्हते. ते मोर्च्यात असायचे. लागू, फुले, सदाशिव अमरापूरकर अशा मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, त्यातून कार्यकर्त्यांच्या मानधनाची सोय झाली. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावरही लागू आणि निळूभाऊ असायचे. पडद्यावरच्या खलनायकाला पाहून गावोगावच्या बायका दचकायच्या आणि त्याच गावात रात्री हा माणूस समतेवर भाषण करायचा. हा विरोधाभास नकलेत येत नाही. तो पाहायला कॅमेरा माणसाच्या मागे मागे चालावा लागतो. १३ जुलै २००९ रोजी निळूभाऊ गेले.

आता थोडं मावळाबद्दल, कारण मी मावळात राहतो आणि इथून दिसतं ते लिहितो.

मराठी नटांचा आमच्याशी संबंध मुख्यतः रस्त्याचा. पुणे आणि मुंबई ही मराठी नाटकाची दोन टोकं आणि मधे बोरघाट. संध्याकाळी एका टोकाला प्रयोग, दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या टोकाला चित्रीकरण, रात्रीचा प्रवास मावळातून. नाटक कंपन्यांच्या बसगाड्यांनी घाटमाथ्यावर घेतलेल्या चहाचा हिशोब मांडला तर वेगळा ग्रंथ होईल. द्रुतगती महामार्ग झाला, प्रवास लवकर संपू लागला आणि काहींचा कायमचा संपला. फेब्रुवारी २००१ मध्ये भक्ती बर्वे वाईहून मुंबईला परतताना याच रस्त्यावर, घाट उतरल्यावर भाताणच्या बोगद्याजवळ गेल्या. डिसेंबर २०१२ मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे, त्याच्या दोन वर्षांच्या मुलासह, आमच्याच तालुक्यात उर्से टोलनाक्याच्या परिसरात गेले. तिथून जाताना आजही माझा पाय ब्रेककडे सरकतो.

भक्तीबाईंच्या बाबतीत हळहळ दुहेरी आहे. 'ती फुलराणी' १९७५ सालची. पुलंनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून बेतलेली मंजुळा रस्त्यावर फुलं विकते. इथेही हाताचं काम, पाहा. तिची ती जळफळाटाची लांब स्वगतं आज प्रत्येक नाट्यप्रशिक्षणात मुली पाठ करून म्हणतात. 'जाने भी दो यारो' (१९८३) मधली शोभा सेन मात्र हिंदी प्रेक्षकाच्या लक्षात राहिली, कारण ती फिल्मवर आहे. रंगमंचावरची मंजुळा आणि पडद्यावरची शोभा यांच्यामध्ये जी बाई होती, दूरदर्शनवर बातम्या वाचणारी, ती पाहायला मिळायला हवी होती.

तळेगावशी जोडलेला नट रवींद्र महाजनी. देखणेपणामुळे मराठीतला विनोद खन्ना म्हटला गेलेला हा माणूस 'लोकसत्ता'चे संपादक ह. रा. महाजनी यांचा मुलगा. नट व्हायचं म्हणून मुंबईत त्याने तीन वर्षं टॅक्सी चालवली. संपादकाचा मुलगा टॅक्सी चालवतो याबद्दल त्या काळी नातेवाइकांत काय बोललं गेलं असेल याची कल्पना मध्यमवर्गीय वाचकाला सहज करता येईल. 'जाणता अजाणता' या नाटकामुळे व्ही. शांताराम यांची नजर त्याच्यावर गेली आणि १९७५ च्या 'झुंज'ने तो नायक झाला. मग 'देवता', 'मुंबईचा फौजदार'. जुलै २०२३ मध्ये तळेगावजवळच्या आंबी इथल्या भाड्याच्या घरात तो मृतावस्थेत सापडला. तिथे काही महिन्यांपासून एकटाच राहत होता. दोन दिवस वाहिन्यांनी इमारतीचं फाटक दाखवलं. इतके कॅमेरे आंबीत त्याआधी कधी आले नसतील. त्यातला एक जरी वर्षभर आधी आला असता, त्याच्या शेजारी गाडीत बसून 'चला, तळेगाव स्टेशनला एक फेरी मारू, तुम्ही चालवा' म्हणाला असता, तर काय हाती लागलं असतं! टॅक्सीवाला गाडी चालवताना जे बोलतो ते खुर्चीत बसून बोलत नाही. महाजनींच्या पत्नी माधवी महाजनी यांनी 'चौथा अंक' लिहिलं, ते वाचावं. पण ती बाजू त्यांची आहे, आणि ती त्यांनी खंबीरपणे मांडली आहे.

मराठीत नटावर चित्रपट निघत नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. निघतात, भरपूर निघतात. फक्त त्यांत दुसरा नट असतो. 'बालगंधर्व' (२०११), भगवानदादांवरचा 'एक अलबेला' (२०१६), 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' (२०१८). यातल्या दोन चित्रपटांत सुबोध भावेच, आणि काम उत्तम. परंतु आता परिस्थिती अशी आहे की वीस वर्षांच्या मुलाला बालगंधर्व म्हटलं की सुबोध भावे दिसतो, घाणेकर म्हटलं की सुबोध भावे दिसतो आणि लोकमान्य म्हटलं तरी तोच. एका नटाने तीन थोरांचे चेहरे पुसले, हा त्याचा दोष नाही. मूळ चेहरे आपण दाखवले नाहीत, हा आपला आहे. चरित्रपटात खर्च असतो, गाणी असतात, तिकीटविक्री असते. माहितीपटात एक म्हातारा खुर्चीत बसून बोलतो. निर्मात्याचं गणित समजण्यासारखं आहे.

आणि खुद्द बालगंधर्व? त्यांच्या बाबतीत कॅमेऱ्याने केलेली थट्टा पाहा. ज्यांनी स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्र वेडा केला, ते बोलपटाच्या पडद्यावर प्रथम आले ते 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त (१९३५), संत एकनाथ म्हणून, म्हणजे पुरुष म्हणून. तेव्हा वय सत्तेचाळीस. नंतर बाबूराव पेंटरांकडे मीराबाई केली, पण रंगमंचावरचं गारूड पडद्यावर उतरलं नाही. त्याउलट विष्णुपंत पागनीस. तेही संगीत नाटकात स्त्रीभूमिका करत आलेले. १९३६ साली दामले-फत्तेलालांनी 'संत तुकाराम'मध्ये त्यांना तुकाराम केलं. आमच्या मावळात भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबांचं स्मरण करणाऱ्या किती माणसांच्या मनात तुकोबांचा चेहरा पागनीसांचा आहे, याचा हिशोब नाही. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. एका नटाला मिळू शकणारं याहून मोठं स्मारक नाही. पण त्यात तुकाराम दिसतो, पागनीस दिसत नाहीत.

गायकांच्या बाबतीत आपण बरे वागलो. कुमार गंधर्वांवर जब्बार पटेलांचा 'हंस अकेला' आहे, भीमसेन जोशींवर गुलजारांचा माहितीपट आहे. त्याला कारण आहे. गवई कॅमेऱ्यासमोर बसून गाऊ शकतो. राग खोलीतही रागच असतो. नट खोलीत बसून हिंदुराव धोंडे पाटील होऊ शकत नाही. त्याला समोरचा पात्रधारी लागतो, उजेड लागतो, तिकीट काढून आलेले लोक लागतात. म्हणून नटाचा माहितीपट बहुधा गप्पांचा होतो, आठवणींचा होतो, आणि आठवणी सांगताना नट अभिनय करतो. ही खरी अडचण आहे आणि तिच्यावर यार्लने जो तोडगा शीर्षकात ठेवला तो मला पटतो. नटाला नट म्हणून पाहू नका. त्याच्या आतला कामकरी पाहा.

हे मला समजलं ते स्वीडनमुळे नव्हे, कार्ल्यामुळे. कार्ल्याच्या चैत्यात आम्ही लहानपणापासून जातो, पाय एकवीरेच्या देवळाकडे आणि डोळे लेण्याकडे. तिथल्या शिलालेखांत दात्यांची नावं आहेत. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याने दार दिलं, आणि दार घडवणारा त्याच गावचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराचं नाव, बापाचं नाव, गाव आणि धंदा, सगळं दगडात. आता तिथून लोहगडाच्या पायथ्याशी भाज्याला या. तिथल्या विहारात एक बाई तालवाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. सुंदर शिल्प. त्या दोघींचं नाव कुठेही नाही. सुताराने नाव कोरून घेतलं, नाचणारीचं कोणी कोरलं नाही. आमच्या तालुक्यातला हा नियम आजही चालू आहे.

याच मावळाने मराठी पडद्याला गोष्टीही दिल्या. तळेगावला राहून गो. नी. दांडेकरांनी 'पवनाकाठचा धोंडी' लिहिली, 'माचीवरला बुधा' लिहिली. 'जैत रे जैत'ही त्यांचीच. त्यावरचा जब्बार पटेलांचा १९७७ चा चित्रपट स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांच्यामुळे कोणाला विसरता येत नाही. त्यात निळूभाऊही आहेत. 'माचीवरला बुधा'चा चित्रपट बराच उशिरा, २०१७ मध्ये आला, दिग्दर्शक विजयदत्त, बुधाच्या भूमिकेत सुहास पळशीकर. मुंबई सोडून राजमाचीवर एकटा राहायला येणारा म्हातारा. पळशीकरांच्या कामाची मला कदर आहे, तरी तो पाहताना वाटत राहिलं की राजमाचीच्या उढेवाडीत असे बुधा आजही आहेत आणि त्यांच्यावर एक साधा, न रचलेला चित्रपट निघाला तर तो याला भारी पडेल. ठीक आहे. हा माझा हेकटपणा समजा.

स्वीडनकडे परत एकदा जाऊन विषय संपवतो. इन्ग्रिड बर्गमनवर स्टिग ब्यॉर्कमनने २०१५ साली केलेला माहितीपट उभा राहिला तो तिच्याच सामग्रीवर. तिने आयुष्यभर डायऱ्या लिहिल्या, पत्रं जपली, आणि घरगुती कॅमेऱ्याने मुलांचं, प्रवासाचं, पोहण्याचं चित्रण केलं. देश बदलले, नवरे बदलले, पेट्या बरोबर गेल्या. हॉलिवूडच्या नायिकेला आपल्या आयुष्याचा साक्षीदार आपणच व्हायचं आहे हे कळलं होतं. आपल्याकडे नटाच्या घरी काय असतं? सत्काराच्या शाली, चंदेरी स्मृतिचिन्हं, आणि माळ्यावर एक व्हिडिओ कॅसेट, जिच्यावर पुढे कोणीतरी लग्न चित्रित केलेलं असतं.

म्हणून मावळातल्या वाचकांना एक विनंती आहे. वडगाव, कामशेत, पवनमावळ, आंदरमावळ, लोणावळा, तळेगाव, कुठेही असाल. उरुसाला वगनाट्यात काम केलेले, गावच्या भजनी मंडळातून नाटकात गेलेले, तळेगावच्या 'कलापिनी'सारख्या संस्थांतून स्पर्धा गाजवलेले नट तुमच्या ओळखीत असतील. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे जा. मोबाईल बाहेर काढा. 'तुमचा आवडता संवाद म्हणा' असं सांगू नका. तो ते आपोआप म्हणतीलच. त्यांना त्यांचं पहिलं काम करून दाखवायला सांगा. भात लावणारा असेल तर खाचरात, गवंडी असेल तर भिंतीशी, शिंपी असेल तर मशीनवर. मोबाईल आडवा धरा. आणि माळ्यावरच्या त्या कॅसेटवर अजून लग्न चढलं नसेल तर ती पुसू नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे चौकशी करा.